मोहल्ल्यातील खेळशिल्पे

(व्याख्यानाचा मजकूर)



दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की महाराष्ट्रातील गल्लीबोळांत एक बांधकाम खाते आपोआप कामाला लागते. या खात्याला अंदाजपत्रक नसते, निविदा नसते आणि देखरेख करणारा अभियंताही नसतो. दगड, विटांचे तुकडे, जुनी पोती आणि चार-सहा घमेली माती एवढ्या सामग्रीवर दहा-बारा वर्षांची मुले किल्ला उभा करतात. त्यावर अळीव आणि मोहरी पेरतात, रोज पाणी शिंपडून हिरवळ उगवतात, पायथ्याशी विहीर खणतात, बुरुजांवर तोफा मांडतात आणि माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवछत्रपतींची मूर्ती ठेवतात. जाणारा-येणारा घटकाभर थांबतो. एखादे आजोबा दरवाजाची जागा चुकली आहे असे सांगतात आणि मुले ती निमूटपणे बदलतात. दिवाळी सरते, किल्ला मोडला जातो आणि पुढील वर्षी तो नव्याने बांधला जातो.

वस्तीच्या रस्त्यावर उभे राहणारे, मुलांच्या हातचे, सर्वांनी पाहावे आणि सर्वांनी त्यात काही भर घालावी असे हे शिल्पच होय. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. तेव्हा मुले लाकडाचे नंदी सजवून रस्त्यावर आणतात. त्याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत, त्यांच्यासोबत चालू घडामोडींवर टीका करणारे बडगे मिरवणुकीने निघतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही प्रथा चालत आली आहे. पुण्यामुंबईच्या गणेशोत्सवात मंडळांचे देखावे वस्तीच्या वर्गणीतून आणि वस्तीच्या श्रमातून उभे राहतात. रस्त्यावरील कलेची परंपरा महाराष्ट्राला अशी जुनीच आहे. मात्र ती सणापुरती असते. सण संपला की रस्ता पुन्हा वाहनांचा आणि हातगाड्यांचा होतो व मुलांच्या वाट्याला दोन इमारतींमधील अरुंद पट्टी तेवढी उरते.

जगातील अनेक शहरांनी या पट्टीचा वेगळा विचार केला आहे. ज्यावर चढावे, ज्याच्या पोटात शिरावे, ज्याच्या पाठीवर बसावे अशी खेळकर शिल्पे रहिवाशांच्या सहभागाने वस्तीतच उभारण्याची पद्धत तेथे रूढ झाली आहे. भिवंडीसारख्या दाट वस्तीच्या, श्रमजीवी आणि बहुभाषिक शहराला या पद्धतीचा काय उपयोग होऊ शकेल, हा या विवेचनाचा विषय आहे.

पुतळा आणि खेळशिल्प

आपल्याकडे सार्वजनिक शिल्प म्हटले की पुतळा डोळ्यांपुढे येतो. थोर पुरुषांच्या स्मृती जपणे हे समाजाचे कर्तव्यच आहे. तथापि पुतळ्याचा स्वभाव निराळा असतो. तो उंच चौथऱ्यावर असतो, त्याच्याभोवती कठडा असतो आणि त्याला स्पर्श करणे अनुचित ठरते. तो समाजाच्या अस्मितेशी बांधलेला असल्यामुळे प्रसंगी त्याच्या रक्षणासाठी पोलीसही उभे करावे लागतात. खेळशिल्पाचे नेमके उलटे असते. हात लागणे, पाय पडणे, रंग झिजणे हीच त्याची पूजा होय. ते कोणाच्या स्मरणार्थ नसते, म्हणून ते कोणा एकाचे नसते.

मुंबईतील काळा घोडा या ठिकाणाचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. सातवा एडवर्ड युवराज असताना भारतात येऊन गेला. त्याचा घोड्यावर स्वार झालेला पुतळा १८७९ मध्ये तेथे उभारण्यात आला. लोकांनी त्या ठिकाणाला नाव मात्र युवराजाचे दिले नाही, घोड्याचे दिले. १९६५ मध्ये तो पुतळा हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत ठेवण्यात आला. तरी परिसराचे नाव काळा घोडाच राहिले. १९९९ पासून त्या भागात दरवर्षी कला महोत्सव भरू लागला आणि रस्त्यावर मांडलेल्या कलाकृती पाहण्यासाठी सर्व थरांतील लोक येऊ लागले. २०१७ मध्ये तेथे पुन्हा एक घोडा उभा राहिला. या वेळी त्याच्या पाठीवर स्वार नव्हता. स्वार बदलतात, राजवटी बदलतात, पण लोकांच्या जिव्हाळ्याचे प्राणी त्यांच्यापाशीच राहतात, असा याचा अर्थ घेता येईल.

दुसरे उदाहरण अधिक परिचयाचे आहे. मलबार हिलवरील कमला नेहरू उद्यान १९५२ मध्ये तयार झाले आणि त्यातील प्रचंड बूट महाराष्ट्रभर ‘म्हातारीचा बूट’ म्हणून प्रसिद्ध झाला. मूळ कल्पना एका इंग्रजी बालगीतातली होती. परंतु शाळांच्या सहलींनी ती इतकी आपलीशी केली की गावोगावच्या मुलांनी मुंबईत पाहिलेल्या गोष्टींच्या यादीत समुद्रानंतर बुटाचे नाव येऊ लागले. त्या बुटात शिरता येते, जिन्याने वर जाता येते आणि वरून खाली उभ्या असलेल्या आईवडिलांना हाक मारता येते. आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्यांना सारखीच आठवण देणारी सार्वजनिक वास्तू विरळाच. उणीव असलीच तर एवढीच की असा बूट मुंबईच्या एका टेकडीवर आहे. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढणाऱ्या मुलाला तो वर्षातून एकदाही दिसत नाही.

इतरत्र झालेले प्रयोग

दुसऱ्या महायुद्धानंतर ॲमस्टरडॅम शहरात पाडलेल्या घरांच्या मोकळ्या जागा जागोजागी ओस पडल्या होत्या. नगरपालिकेच्या नियोजन विभागातील तरुण वास्तुविशारद आल्डो व्हान आयक यांनी १९४७ मध्ये एका लहानशा चौकात वाळूचा हौद, ओळीने मांडलेले दगड आणि लोखंडी कमानी एवढ्यावर पहिली खेळाची जागा तयार केली. ती पाहून इतर वस्त्यांतील रहिवासी आपल्याही चौकासाठी पालिकेला पत्रे लिहू लागले. १९७८ पर्यंत अशा सातशेहून अधिक जागा तयार झाल्या. या जागांना कुंपण नव्हते. मुलांच्या खेळाच्या वस्तू शहराच्या रस्त्याचाच भाग झाल्या. प्रशासनाने ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की मागणी वस्तीकडून आली आणि तिला प्रतिसाद पालिकेने दिला.

जेरुसलेममधील एका सामान्य वस्तीत निकी द सँ फाल या शिल्पकर्तीने १९७२ मध्ये काळ्या-पांढऱ्या रंगाचा एक अक्राळविक्राळ राक्षस उभारला. त्याच्या तोंडातून बाहेर आलेल्या तीन लाल जिभा म्हणजे मुलांच्या घसरगुंड्या आहेत. मुले भेदरतील या समजुतीने आरंभी त्याला विरोध झाला. मुलांनी मात्र त्याला आपलेसे केले आणि भीतीवर बसून घसरण्याचा आनंद आजही ती घेत आहेत.

तिसरे उदाहरण आपल्याच देशातील आहे. चंदीगड येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक असलेल्या नेकचंद यांनी शहराबाहेरील जंगलाच्या जागेत, नोकरी सांभाळून आणि कोणालाही न सांगता, फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि फरशांच्या तुकड्यांतून माणसे व प्राणी घडविले. हे काम उजेडात आले तेव्हा ते नियमाप्रमाणे अतिक्रमणच होते. प्रशासनाने ते पाडले नाही. १९७६ मध्ये रॉक गार्डन जनतेसाठी खुले झाले आणि नेकचंद यांना त्याच कामासाठी वेतन व मजूर देण्यात आले. टाकाऊ वस्तूंतून काय होऊ शकते हे त्या बागेने दाखविलेच. अधिकाऱ्याच्या एका समंजस निर्णयाने काय वाचू शकते, हेही तिने दाखविले.

भिवंडीची जमेची बाजू

कामवारी नदीकाठच्या या जुन्या गावाचे रूपांतर यंत्रमागाच्या महानगरात झाले. २०११ च्या जनगणनेनुसार भिवंडी-निजामपूर महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या ७ लाख ९ हजारांहून अधिक होती. कोकणी मुसलमान, आगरी, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले विणकर, तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबे अशा अनेक समाजांनी हे शहर घडविले आहे. मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू या भाषा तेथे एकाच गल्लीत ऐकू येतात. शहराभोवतीच्या माणकोली, काल्हेर, पूर्णा, दापोडे आदी गावांत गोदामांचे जाळे पसरले आहे आणि मालमोटारींची रहदारी अहोरात्र चालू असते.

खेळशिल्पाला लागणारी सामग्री या शहराला विकत आणण्याची गरज नाही. जुने धोट्याचे माग मोडीत निघतात आणि त्यांचे सांगाडे, दातेरी चाके, दांडे भंगारात किलोवर विकले जातात. लाकडी धोटे आणि रिकाम्या कांड्या पोत्यांनी पडलेल्या असतात. गोदामांच्या आवारात मालमोटारींचे झिजलेले टायर साचतात. टायरांचे हत्ती, घोडे आणि झोपाळे करून शाळांची पटांगणे खेळती करण्याचे काम भारतात काही स्वयंसेवी संस्थांनी यशस्वी करून दाखविले आहे. सामग्रीहूनही मोलाचे आहेत ते तेथील हात. माग जुळविणारा फिटर, लोहार, वेल्डर, सुतार आणि गवंडी भिवंडीच्या प्रत्येक मोहल्ल्यात सापडतो. यंत्राचा बारीक बिघाड कानाने ओळखणाऱ्या या कारागिराला आपल्या मुलासाठी लोखंडी गोगलगाय घडविण्याची संधी मात्र आजवर कोणी दिलेली नाही.

भिवंडीजवळ आणखी एक ठेव आहे आणि ती सर्वात महत्त्वाची आहे. १९७० आणि १९८४ या वर्षांच्या दंगलींत हे शहर होरपळले. त्यानंतर १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने तेथे मोहल्ला समित्या स्थापन झाल्या. प्रतिष्ठितांच्या शांतता समित्या दंगल पेटल्यावर बोलाविल्या जात. या समित्या शांततेच्या काळात नियमित भरू लागल्या. त्यांत दोन्ही समाजांतील सामान्य रहिवासी आणि त्या भागातील पोलीस शिपाई एकत्र बसत आणि रोजच्या लहानसहान तक्रारींची चर्चा होई. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. एकमेकांची तोंडओळख असलेले शेजारी अफवेवर सहजासहजी विश्वास ठेवत नाहीत, हा धडा त्यातून देशाला मिळाला.

अशी ओळख एकदा करून दिली की कायमची टिकते असे नाही. दर पिढीला ती नव्याने करून द्यावी लागते. १९९२ नंतर जन्मलेली मुले आज स्वतः आईबाप झाली आहेत. तक्रारीच्या निमित्ताने माणसे एकत्र येतात, तशी ती कामाच्या निमित्तानेही येतात आणि कामातून झालेली ओळख अधिक दिवस पुरते. एका शिल्पासाठी मराठी शाळेतील मुलांनी टायर रंगविले, उर्दू शाळेतील मुलांनी फरशीचे तुकडे बसविले आणि तेलुगू भाषक फिटरने त्याचे नटबोल्ट आवळले, तर त्या शिल्पाला दगड मारण्यास उचललेला हात कोणत्याही बाजूचा असला तरी घरचाच निघेल आणि बहुधा खाली येईल. व्यक्तीचा पुतळा म्हटला की कोणाचा, हा प्रश्न येतो. मासा, कासव, उंट किंवा पुरुषभर उंचीचा धोटा यांच्याविषयी तो प्रश्न उद्भवत नाही. धोट्यावर तर सर्वांचाच हक्क आहे, कारण सर्वांचे पोट त्यानेच भरले आहे.

आधी गटार, मग शिल्प

यावर एक रास्त आक्षेप येतो. जेथे पाणी वेळेवर येत नाही, रस्त्यात खड्डे आहेत आणि मागाच्या मंदीने घरे ग्रासली आहेत, तेथे शिल्पांची चैन कशाला? हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. तुंबलेल्या गटाराशेजारी रंगीत हत्ती उभा करणे ही रहिवाशांची थट्टा ठरेल. म्हणून पहिला नियम असा असावा की ज्या कोपऱ्यात शिल्प येणार, तेथील कचरा, गटार आणि दिवा यांची व्यवस्था आधी व्हावी. प्रत्यक्षात कचऱ्याचा ढीग हटवून त्या जागी मुलांची वस्तू आली की तेथे पुन्हा कचरा टाकताना माणूस विचार करतो. नुसत्या ‘येथे कचरा टाकू नये’ या पाटीने ते साधत नाही.

दुसरे असे की खेळाची जागा ही चैन नव्हे. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांची तरतूद हा नगरपालिकांच्या कार्यांचा एक विषय आहे. सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना उत्तेजन देणे हाही त्याच अनुसूचीतील विषय आहे. ग्रामपंचायतींसाठी अकराव्या अनुसूचीत सांस्कृतिक कार्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. तेव्हा गोदामांच्या गावांतील पंचायतींनाही हे काम परके नाही.

जागेच्या निवडीत मात्र दक्षता हवी. १८ जानेवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागा येथे पुतळे किंवा बांधकामे उभारण्यास राज्य शासनाने परवानगी देऊ नये असा आदेश दिला. पथदिवे, वाहतूक, रस्त्यांचा विकास व सुशोभन आणि लोकोपयोगी सुविधा यांची कामे त्यातून वगळण्यात आली आहेत. तरीही रहदारीच्या मार्गात काहीही उभारू नये. शाळेचे आवार, उद्यानाचा कोपरा, पाण्याच्या टाकीजवळील पालिकेची जागा किंवा वाहने जात नाहीत अशी बंद गल्ली निवडावी आणि लेखी परवानगी घेऊनच काम आरंभावे.

कामाची रीत

या कामाचा आरंभ शाळेतून व्हावा. मुलांनी चित्रे काढावीत, त्यांतील निवडक चित्रांवरून मातीचे लहान नमुने करावेत आणि ते मोहल्ल्यात मांडून रहिवाशांनी एकाची निवड करावी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावे अशी योजना आहे. शिक्षकांनी हे दहा दिवस शिल्पाच्या कामाला दिले तर अभ्यासाचे नुकसान न होता मापे, प्रमाण, वजन आणि तोल यांचे शिक्षण हातातून होईल.

बांधणीसंबंधी काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्या लागतील. मागाचे सांगाडे बिडाचे असतात. साध्या वेल्डिंगने बीड तडकते, म्हणून असे भाग नटबोल्टनेच जोडावेत. धारदार कडा कानशीने घासून गोल कराव्यात. सुमारे ९ ते २३ सेंटिमीटर रुंदीच्या फटीत लहान मुलाचे डोके अडकण्याचा धोका असतो. अशी फट कोठेही ठेवू नये. चढण्याची उंची दीड मीटरच्या आत ठेवावी आणि पायथ्याशी फरशीऐवजी वाळू पसरावी. लोखंड वैशाखात चटका देते, यासाठी जागा सावलीची असावी किंवा हात लागणारा भाग लाकडाचा, दोराचा अथवा रबराचा करावा. टायरात पावसाचे पाणी साचले की डेंग्यूचा डास वाढतो. म्हणून प्रत्येक टायरला तळाशी भोके पाडणे अनिवार्य समजावे. सळ्या आणि जाळीवर सिमेंटचा गिलावा करून घडविलेल्या शिल्पाला किमान सात दिवस पाणी मारावे. रंग घेताना डब्यावरील शिशाविषयीचा मजकूर पाहावा. नियमानुसार रंगातील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असता कामा नये. काम पूर्ण झाल्यावर पालिकेच्या अभियंत्याने ते तपासल्याखेरीज मुलांसाठी खुले करू नये.

खर्चासाठी गणेशोत्सव मंडळांचा धडा गिरवावा. वर्गणी लहान असावी, परंतु घरोघरची असावी, आणि जमाखर्च सर्वांना दिसेल अशा फलकावर लिहावा. सर्व खर्च एका धनिकाने दिला तर शिल्पावर त्याचे नाव येते आणि ते शिल्प त्याचे होते. सर्व काम ठेकेदाराने केले तर पहिला पावसाळा सरताच निघालेला रंग पाहून प्रत्येक जण पालिकेकडे बोट दाखवितो. पालिकेने जागा, पाया, सुरक्षिततेची तपासणी आणि एक जबाबदार कर्मचारी एवढे द्यावे. बाकीचे मोहल्ल्यावर सोपवावे. दर पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करून तिची नोंद शाळेतील एका वहीत ठेवावी. सैल झालेला एक बोल्ट वेळेवर आवळला गेला नाही तर साऱ्या योजनेवर बट्टा लागेल, याचे भान सर्वांनी ठेवावे.

शिल्पाला मुदत असावी, ही सूचनाही विचारार्ह आहे. पाच वर्षांनी मोहल्ल्याने एकत्र बसून ते दुरुस्त करावे, बदलावे की काढून टाकावे याचा निर्णय घ्यावा. कायमचे म्हणून उभारलेले पुष्कळ काही आपल्या गावांत गंजत पडलेले दिसते, कारण ते काढण्याचा अधिकार कोणालाच आपला वाटत नाही. मुदत असली की नव्या मुलांना नवे शिल्प घडविण्याची संधी मिळते आणि समितीला पुन्हा एकत्र येण्याचे निमित्त मिळते. ते निमित्त हेच या योजनेचे खरे फळ आहे.

या कामासाठी मोठ्या निधीची किंवा नव्या यंत्रणेची वाट पाहण्याचे कारण नाही. दोन भाषांच्या दोन शाळा, शेजारचा एक वेल्डर, पालिकेचा एक अभियंता आणि कचऱ्यापासून मुक्त केलेली दहा हात लांब-रुंद जागा यांवर पहिला प्रयोग होऊ शकतो. तो साधला तर शेजारचा मोहल्ला आपणहून अर्ज घेऊन येईल. ॲमस्टरडॅमच्या रहिवाशांची पत्रे अशीच आली होती. त्या अर्जाची दखल वेळेवर घेतली जाईल, एवढी दक्षता अधिकाऱ्यांनी, शिक्षकांनी आणि पंचायत सदस्यांनी घ्यावी. भिवंडीने आजवर देशाला कापड पुरविले. आपल्या मुलांना खेळण्यासाठी एक कोपरा विणण्याचे कौशल्यही तिच्या हातांत निश्चित आहे.